टेकाडावरची पहार

"काय बोलायचं असंल तर आत्ता बोल," मी म्हणाले.

ठकूनं लुगड्याची घडी धडप्यावर ठेवली, तिच्यावर दोन चोळ्या, कंगवा, आणि चारी पदर उचलून गाठ मारली. गाठ पक्की बसली का ते ओढून पाहिलं. बोलली नाही.

माझ्या सुनेची ही खोड मला पहिल्या दिवसापासून खुपायची. भांडणारी सून परवडते. तिच्या मनात काय आहे ते कळतं, आपल्यालाही चार शब्द जास्तीचे सुचतात, आणि दिवस मावळेपर्यंत दोघींची पोटं हलकी होतात. ही गप्प. भाकरी करपली म्हणून बोला, गप्प. म्हशीनं लाथ मारून चरवी सांडली म्हणून बोला, गप्प. कड्यासमोर उभं राहून शिव्या दिल्या तर निदान घुमून परत तरी येतात. आज मी तिला घरातून काढून देत होते, तरी हिच्या तोंडून शब्द फुटेना.

"तोंड हाय का न्हाई तुला?"

तिनं गाठोडं उचललं आणि दाराशी नेऊन ठेवलं.

बाहेर पडवीत माझे धाकटे दीर जानू भावजी घोंगडं अंथरून बसले होते. माझा मुलगा नवलू, ठकूचा नवरा, खांबाला टेकून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. ह्या गोष्टीला आता वीसेक वर्षं होऊन गेली, पण त्यानं उकरलेला तो खळगा मला अजून आठवतो. दुसऱ्या दिवशी मीच शेण लावून बुजवला.

"मग ठरलं ना वैनी? उन्हं कलली की नवलू तिला खाली न्हेऊन माहेराला पोचवंल."

"आये म्हणंल तसं," नवलू म्हणाला. तो जन्मभर हेच म्हणत आला आहे.

आमचा घोणसमुरा म्हणजे डोंगराच्या माथ्यावर, मोकळ्या सड्यावरची सात घरं. सगळी गवळी धनगरांची. म्हशी राखायच्या, दूधतूप खाली पोचवायचं, एवढाच आमचा जगाशी व्यवहार. पाऊस लागण्याआधी वैशाखात वळवाच्या विजा अशा कोसळतात की म्हशी दावी तोडतात. आणि ठकू होती पायाळू. आईच्या पोटातून तिचे आधी पाय आले, मग डोकं. असल्या माणसावर विजेचा डोळा असतो, ती त्याला शोधत येते, असं आमच्यात मानतात. तिच्या बापानं हे लपवलं नव्हतं. मीच मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, म्हशींना कळत न्हाई कोण कुठल्या बाजूनं जन्मलं ते.

लग्नानंतरच्या दुसऱ्या वैशाखात वीज आमच्या अंगणात पडली आणि माझा नवरा गेला. त्यानंतर मी तसं म्हणायचं सोडलं. आभाळ भरून आलं की ठकूला आतल्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायची, असं मी आधी कधीमधी करायचे, त्याचा आता नियमच केला. सहा वर्षं तो चालला. आणि आता आठ दिवसांपूर्वी जानू भावजींची दोन वेतांची म्हैस विजेनं मारली होती. सातही घरांनी बोट दाखवलं ते ठकूकडं.

"मूलबाळ न्हाई, त्यामुळं तोडायलाबी सोपं," जानू भावजी म्हणाले. "नवलूला दुसरी बघू. सरळ जन्मलेली."

"भावजी, गेल्या म्हयन्यात तुमची कंबर धरली तवा पालथं पडून तिचाच पाय पाठीवर घेतलात की."

पायाळू माणसानं लाथ मारली की पाठीतली उसण जाते असंही आमच्यात मानतात. सातही घरांतली माणसं त्यासाठी ठकूकडं येत. तेव्हा कुणाला भीती वाटत नसे.

"ते औषीद वैनी. औषीद घेतलं म्हणून बाटली उशाला घेऊन कोण झोपतंय?"

मला हसू आलं होतं, पण मी ते गिळलं. "उन्हं कलली की धाडते," मी म्हणाले. ती जाणार हे माझ्या सोयीचंच होतं. कसं, ते पुढं येईलच. भावजी घोंगडं झाडून आपल्या घरी गेले.

आमच्या पडवीत त्या दिवसांत एक पाहुणा उतरला होता. सुश्रुत खांबेटे त्याचं नाव. पुण्याहून आलेला, चष्मेवाला, हाडकुळा, चाळिशीतला माणूस. ते नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्याला इजवाला म्हणत. तो विजेचे फोटो काढायचा. जगातली सगळी शहाणी माणसं वीज आली की घरात जातात, हा बाहेर यायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, घरच्यांनी ओवाळून टाकलेला दिसतोय. पण चार दिवसांत बघितलं की माणूस वेडा नाही. वादळ लांब असतानाच तो सगळी मांडामांड उरकायचा आणि आमच्या म्हशींच्या आधी छपराखाली यायचा.

त्या दुपारीही तो अंगणाच्या खालच्या अंगाला, दगडी बांधाच्या आडोशाला, आपली तीन पायांची लाकडी घोडी रोवत होता. घोडीवर यंत्र, दिवसाचा उजेड अडवायला त्याच्या डोळ्यावर काळी काच, वर प्लास्टिकचा कागद. यंत्रातून निघालेली एक लांब रबरी नळी थेट पडवीपर्यंत यायची आणि तिच्या टोकाला फुगा होता. डॉक्टर दंडाला पट्टा बांधून दाबतो तसला.

मी ताकाचा डेरा घेऊन पडवीतच बसले. आत ठकू होती आणि तिच्याकडं बघायची मला इच्छा नव्हती.

दक्षिणेला एकच ढग होता. उतू येणाऱ्या दुधासारखा उभा वाढत चाललेला.

"इज चमकली की फुगा दाबायचा व्हय?" मी विचारलं.

"नाही आजी. चमकल्यावर दाबला तर ती निघून गेलेली असते. आधीच यंत्राचा डोळा उघडायचा आणि वाट बघायची. ती आली की आपली आपणच कागदावर उमटून जाते."

"म्हंजी तू काय करत न्हाईस."

"मी फक्त डोळा उघडा ठेवतो."

"म्हस व्यायला झाली की आमीबी तेवढंच करतो. पण आमचं कोण कौतुक करत न्हाई."

तो हसला. मग लांब कुठंतरी ढगाच्या पोटात उजेड झाला, आणि तो तोंडातल्या तोंडात आकडे मोजायला लागला. पन्नासच्या पुढं गेला तेव्हा कुठं गडगड ऐकू आली.

"लांब आहे," तो म्हणाला. "चमक आणि आवाज यांच्यात तीसपेक्षा कमी आकडे बसायला लागले की मी अंगणात पाऊल ठेवत नाही. वादळ लांब दिसलं तरी वीज तेवढी मजल मारते."

"तीस?"

"तीस."

मी पुढच्या वेळी रवीचे फेरे मोजून पाहिले. मला दोन इयत्तांपलीकडं शाळा नाही, पण तीसपर्यंत मोजायला तेवढी पुरते.

"आजी, मी आज निघणार," तो म्हणाला. "पाऊस ओसरला की खाली उतरतो. जाण्याआधी तुम्हाला एक वस्तू द्यायची आहे. मी इथंच का आलो, ते तुम्ही चार दिवसांत एकदाही विचारलं नाहीत."

"पाव्हण्याला तसं इचारत न्हाईत. ज्येवला का, एवढं इचारतात."

त्यानं पिशवीतून पुठ्ठ्याचं पाकीट काढलं. पाकिटातून सुपाएवढा फोटो काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मी हात पुसले.

"हा मी सहा वर्षांपूर्वी काढला. तिकडून, समोरच्या गडावरून. मी आजवर काढलेल्यांतला सगळ्यांत चांगला. खूप लोकांनी बघितला, वाखाणला. पण हे घर कुणाचं ते मला माहीत नव्हतं. तीन वर्षं ह्या डोंगरातल्या वस्त्या हिंडतोय. इथं आल्यावर हे ऐनाचं वाकडं झाड बघितलं, हे टेकाड बघितलं, आणि ओळखलं. म्हटलं, ज्यांचं घर आहे त्यांच्याकडं एक असायला हवा."

आपलं घर लांबून कसं दिसतं हे मी कधी पाहिलं नव्हतं. काळा डोंगर, आणि त्याच्या डोक्यावर सांडलेल्या लाह्यांसारखी सात छपरं. आमचं छप्पर कडेचं. त्याच्या खालच्या उतारावर वाकडा ऐन. घराच्या दुसऱ्या बाजूला, चाळीस पावलांवर, अंगणाच्या टोकाचं टेकाड. वरून आभाळातून मुळ्या फुटाव्यात तसे पांढरे फाटे फुटले होते, डावीकडं, उजवीकडं, अधांतरी विरलेले. त्यातला एकच खाली पोचला होता. टेकाडावर.

"मला एक कोडं सुटलं नाही आजी," तो माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला. "तिनं ऐनावर पडायला हवं होतं. नाहीतर घरावर. टेकाडावर तर नुसतं गवत आहे. तिथं काय होतं तेव्हा?"

"पहार," मी म्हणाले.

"पहार?"

"लोखंडाची. उभी रोवलेली."

"टेकाडावर? कशाला?"

"कंच्या दिवशी काढलास?"

त्यानं फोटो उलटा केला, मागं लिहिलं होतं ते वाचलं. "मे महिना. तारीख आहे इथं. दुसऱ्या दिवशी अमावास्या होती, एवढं मला नक्की आठवतं. तारे काढायला मी गडावर मुक्काम करणार होतो."

माझ्या नवऱ्याचं श्राद्ध वैशाखातल्या अमावास्येच्या आदल्या दिवशी येतं.

मी फोटो डोळ्यांजवळ नेला. "ह्यात माणूस दिसतोय का रं?"

"इतक्या लांबून नाही दिसत. माणूस फार बारीक होतो."

"होता," मी म्हणाले.

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं फोटो परत घ्यायला हात पुढं केला.

"आजी, मला माहीत नव्हतं. देवाशपथ."

"तुला कशापायी ठावं असंल. राहू दे हितंच." मी नख आमच्या छपरावर टेकवलं. "आता मी इचारते ते सांग. ह्या घरात, ह्या कुडाच्या आत, तवा एक पायाळू बाई व्हती. आमी म्हणतो इज तिला शोधत आली. खरं का?"

त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "हे फाटे बघा. वरून उतरताना ती आंधळ्यासारखी चाचपडत येते. बाईला शोधत आली असती तर इथं वळली असती, घराकडं. एकही फाटा वळलेला नाही. खालून उंच, टोकदार असं काही पुढं आलं की ती तिकडं जाते. कुणाचा जन्म कसा झाला हे तिला कळत नाही आजी."

छप्पर आणि टेकाड यांच्यामध्ये फोटोत माझ्या बोटाची रुंदी होती. मी बोट तिथं ठेवून बसले. रवी थांबलेली बघून आतून ठकू आली, माझ्यासमोरून डेरा उचलला, आणि लोणी काढायला आत घेऊन गेली. जायला निघालेली बाई. गाठोडं दाराशी, आणि ही लोणी काढतेय.

उन्हं कलायची वाट बघावी लागली नाही, ढगानंच ती झाकली. जानू भावजी डोक्यावर घोंगडं घेऊन धावतच आले. वारा सुटला होता. सड्यावरचं वाळलं गवत आडवं होऊन पुन्हा उठत होतं.

"आता खाली उतरायला वखत न्हाई," ते पडवीत शिरत म्हणाले. "तिला आत कोंडा. पहार काढा भाईर. नवलू, ऊठ."

वीज चमकायला लागली की अंगणात लोखंड टाकतात. कोयता, विळा, पहार, जे हाताला लागेल ते. तिला काय घ्यायचं ते बाहेर घेईल आणि घर सोडेल. सगळ्या डोंगरात अशीच रीत आहे. टाकतात म्हणजे आडवं टाकतात. पहार टेकाडावर नेऊन उभी रोवायची रीत फक्त आमच्या घराची. भावजींना वाटायचं, ती त्यांच्या भावानं काढलेली. तो गेल्यावर मला ती मोडायचा धीर झाला नाही, कारण मोडली असती तर कुणीतरी विचारलं असतं.

नवलूनं कोपऱ्यातली पहार उचलली. बापासारखाच तो डाव्या खांद्यावर घ्यायचा आणि बापासारखाच डावीकडं कलून चालायचा. मी पाठीमागून बघत होते.

बाहेर लखकन उजेड झाला. इजवाला पडवीच्या आत, नळीचा फुगा मुठीत घेऊन बसला होता. "एक, दोन, तीन..." सातला आवाज आला आणि छपरातली धूळ खाली पडली.

"पहार घेऊन जाऊ नका," तो म्हणाला. "आत्ता तर अजिबात नको."

"तू तुझं फोटू काढ," जानू भावजी म्हणाले. "नवलू, बिगी बिगी."

तेव्हा ठकू आतून आली. तिला अजून कुणी कोंडलं नव्हतं. तिनं पायातलं गाठोडं बाजूला सरकवलं, नवलूला वळसा घातला, आणि पडवीच्या तोंडाशी जाऊन दोन्ही खांबांना दोन हात लावून उभी राहिली. अंगणाकडं पाठ. वाऱ्यानं तिचा पदर पुढं उडून नवलूच्या पहारीला गुंडाळला.

"बाजूला हो गं," भावजी म्हणाले.

ती हलली नाही.

"बघा वैनी. इजंला आवताण द्यायला दारात हुबी राहिलीय. काढा तिला."

नवलूनं माझ्याकडं बघितलं. आये म्हणेल तसं. ठकूनंही माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत विनवणी नव्हती, राग नव्हता. ती नुसती वाट बघत होती. आणि ती सहा वर्षं कशाची वाट बघत होती, ते मला तिथं कळलं.

"नवलू, पहार खाली ठेव," मी म्हणाले.

"वैनी, घर जाळायचं हाय का?"

"आडवी ठेव. जमिनीवर."

त्यानं ठेवली. मी उठले. माझे गुडघे तेव्हाही दुखायचे, त्यामुळं उठायला वेळ लागला आणि तेवढ्यात आणखी एकदा चमकलं.

"भावजी, हुबी रोवायची रीत तुमच्या भावाची न्हाई. माझी हाय. पायाळू घरात आलीय, नुसती टाकून भागायचं न्हाई, उंचावर रोवा, असं मीच सांगितलं. त्या दिवशी त्यो नगं म्हणत व्हता. लय जवळ आलीय, म्हणाला. जरा सरू दे, मग रोवतो."

पाऊस अजून सुरू झाला नव्हता. वाराही मध्येच पडला होता. मला आवाज चढवावा लागला नाही.

"मग?" भावजी म्हणाले.

"मग मी म्हणाले, भ्यालास तर बांगड्या देऊ का माझ्या? त्यो बोलला न्हाई. पहार खांद्यावर टाकली आन् गेला."

माझ्या हातांत त्या दिवसापासून बांगड्या नव्हत्या. भावजींचं लक्ष तिकडं गेलं आणि त्यांनी लगेच मान फिरवली. नवलू पडवीच्या जमिनीवरच बसला, पहारीशेजारी.

"समदी म्हणाली, पायाळूनं खाल्ला. मी न्हाई म्हणाले न्हाई. इज माझ्यापास्नं सरकून तिच्या अंगावर गेली, मला बरंच झालं. आज तिला धाडली असती तर जलमभर बरं झालं असतं."

असं म्हणत असतानाच ती पडली. समोर दरीपलीकडं एक सुळका आहे, त्याला आम्ही म्हातारीचा दात म्हणतो. त्याच्या टोकावर. सगळा सडा पांढरा झाला, म्हशी हंबरल्या, आणि आवाज एवढा जवळून आला की इजवाल्याला एक आकडाही पुरा म्हणता आला नाही. मग पाऊस आला. आडवा, गारांसकट. ठकूची पाठ भिजली, तरी ती खांब सोडेना. मी तिच्या दंडाला धरून तिला आत ओढली.

छपरावर गारा वाजत होत्या. इजवाल्यानं फुगा अजून मुठीत आवळलेलाच होता. सोडायचं त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं, यंत्राचा डोळा तसाच उघडा. पुढं त्यानं टपालानं तो फोटो पाठवला. सगळ्या वादळातल्या विजा एकाच कागदावर आल्या होत्या. मी मोजल्या, सात. त्यातल्या पाच म्हातारीच्या दातावर. आमचं घर त्यात नव्हतं, आणि ते बरं झालं. घर असलेला पहिला फोटो माझ्या पत्र्याच्या पेटीत आहे, तळाशी, पालथा.

पाऊस ओसरला तशी जानू भावजींना वाचा फुटली.

"हे तू आमाला कधी सांगितलं न्हाईस वैनी."

"न्हाई."

"माझा सख्खा भाऊ व्हता."

"व्हय."

"आन् माझी म्हस? तिचं काय?"

"तुमची म्हस वाकड्या ऐनाखाली हुबी व्हती. ठकू तवा झऱ्यावर अडकली व्हती, अर्धा कोस लांब. कुणाला धाडायचंच असंल तर त्या ऐनाला धाडा माहेरी."

त्यांनी घोंगडं उचललं. दाराशी ठकूचं गाठोडं होतं, ते ओलांडताना थबकले. शेवटी ते गाठोड्याला वळसा घालून अंगणात उतरले. पुढं दोन वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत. कंबर धरली की ठकूकडं मात्र यायचे. मी समोर असले तर माझ्याकडं पाठ करून पालथे पडायचे.

इजवाला आपलं यंत्र पुसत होता. नवलूला मी म्हशींकडं पाठवलं. त्याला रडायचं होतं आणि ते म्हशींत बरं झालं असतं. मग मी आत गेले.

ठकू चुलीपुढं बसून ओला पदर शेकत होती. तिच्या मागं कारवीचा कूड, आणि कुडापलीकडं पडवी. पडवीत कुणी कुजबुजलं तरी कुडाआड बसलेल्याला ऐकू येतं. त्या दिवशी ती इथंच होती. मीच तिला इथं घालून कडी लावली होती.

"तू ऐकलं व्हतंस," मी म्हणाले.

तिनं मान हलवली.

"नुस्ती मान नगं. तोंडानं."

"ऐकलं व्हतं, आत्याबाई."

"समदं? बांगड्यांचंबी?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस? आठवड्यातनं चार डाव तुला कोंडलं. सात घरांनी तुझ्या नावानं बोटं मोडली. आज गाठोडं बांधलंस. एक वाक्य बोलली असतीस तर माझीच वाचा बसली असती."

तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मला वाटलं, आताही बोलणार नाही.

"मामंजी गेले तवा तुमी तीन दिस पाणी घेतलं न्हाई," ती म्हणाली. "मी बोलले असते तर चौथ्या दिवशी तुमी उठला नसता. म्हणून न्हाई बोलले. पुढं सवय पडली."

"आन् आज हुबी राहिलीस ती?"

"आज नवरा माझा व्हता."

लग्नानंतरच्या आठ वर्षांत ती एका दमात एवढं कधी बोलली नव्हती. मी चुलीच्या दुसऱ्या बाजूला बसले. लाकूड ओलं होतं, धूर होत होता, आणि डोळ्यांतून पाणी यायला तेवढं कारण पुरेसं होतं. बाहेर इजवाला नवलूला विचारत होता, वाट निसरडी झाली असेल का. नवलू म्हणाला, आयेला विचारा.

ठकू उठली, दाराशी गेली, आणि गाठोडं उचलून तशीच उभी राहिली. कुठं ठेवायचं ते तिला कळेना. माझ्याकडं बघत राहिली. नेहमीसारखी, गप्प.

"माझा गुन्हा मी चारचौघांत सांगितला," मी म्हणाले. "आता तुझा ऐक. तुझी दया मी मागितली नव्हती. सहा वरसं न इचारता मला ती खायला घातलीस, आन् मी ती खाऊन तुझ्यावरच गुरगुरले. ह्या घरात पायाळू कोण न्हाई ठकू. एक तोंडाळ म्हातारी हाय, आन् तिला तोंडावर उत्तर देणारी सून पायजे. उद्यापास्नं मी एक म्हणाले की तू दोन म्हणायचं. सोड ते गाठोडं."